जिथं रविवार शुक्रवारी येतो

भिवंडीला हिंडायला म्हणून कुणी जात नाही. माल आणायला जातात, माल पोचवायला जातात, नोकरी लागली की जातात. मी गेले होते ती नाही म्हणायला. आल्यापासून चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारतायत, गिरणीवर येणारे विचारतायत, की तिकडं नक्की झालं काय. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढते.

ओळख नसलेल्यांसाठी आधी आमचं सांगते. आम्ही राहुरी भागातले. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. नवरा शेती बघतो. माझी पिठाची गिरणी आहे, तिच्याच बाजूला मिरची कांडपाचं यंत्र. रविवारी दोन्ही बंद. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून एकाही रविवारी गिरणीचा पट्टा फिरलेला नाही. सणाच्या तोंडावर रविवार आला की गिऱ्हाईक चौकातल्या दुसऱ्या गिरणीवर जातं आणि त्यातलं बरंचसं परत येत नाही, हे मला दिसतं. तरी बंद म्हणजे बंद.

मुलगी एस्तेर यंदा बारावी झाली. आमच्या भागात मिशनचं एक कॉलेज आहे. तिचे आजोबा तिथले, वडील तिथले, मीही तिथलीच. एस्तेरची वसतिगृहातली जागा ठरल्यात जमा होती, सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही एवढं कळवायचं होतं. पण पोरीच्या डोक्यात भिवंडी. माझी धाकटी बहीण सुमन तिकडं काल्हेरला राहते. तिचा नवरा दावीद दापोड्याच्या एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या सुट्टीत एस्तेर त्यांच्याकडं राहिली, काकाचं गोदाम बघून आली आणि तेव्हापासून दुसरं बोलेना. भिवंडीतल्या एका कॉलेजात गोदाम आणि मालवाहतुकीची पदवी नव्यानं सुरू झाली आहे, हेही तिनंच शोधून काढलं. कॉलेज कुठल्या एका धर्माचं नाही, सगळ्यांचं आहे, असं तिचं म्हणणं.

"बघून येऊ," ती म्हणाली. "बघितल्यावर नाही म्हण."

हे मला रास्त वाटलं. बघायचं, नाही म्हणायचं आणि रविवारच्या उपासनेला घरी परत यायचं, असा बेत करून निघाले.

बुधवार, काल्हेर

एसटीतलं सांगण्यासारखं काही नाही. घाटात एस्तेरला मळमळलं, एवढंच.

आमच्याकडं ऊस असतो तशी काल्हेरला गोदामं आहेत. एकाला एक लागून, नजर जाईल तिथपर्यंत, निळ्या पत्र्याची. मधेच भाताचा एखादा तुकडा राहिलेला, त्याच्या बांधावर बगळा, बगळ्यामागं उंचच उंच नवी इमारत आणि इमारतीमागं खाडी. बाकी सगळे ट्रक. रस्ता ओलांडताना सुमननं माझा हात धरला. मी तिची थोरली बहीण, मला ते बरं वाटलं नाही. पण हात सोडवूनही घेतला नाही.

सुमनच्या घरमालकीणबाई खालीच राहतात. आगरी आहेत, नाव जनाबाई. त्यांची शेतजमीन आता गोदामाखाली आहे, भाडं घरी येतं, तरी बाई ओट्यावर बसून सुका जवळा निवडत होत्या.

"पोरीला शिकाला आनलंय?" त्यांनी विचारलं.

"बघायला आणलंय. ठरलेलं नाही काही."

"बघाचा काय त्यान? पोरगी हुशार हाय."

मी म्हटलं, आम्ही ख्रिस्ती आहोत, आमचं आमच्याकडं कॉलेज आहे, म्हणून विचार करावा लागतो.

"रस्त्याचा विचार करा," जनाबाई म्हणाल्या. "देव कंचा बी असूं दे, ट्रक कोनाला बघत न्हाय."

रात्रीच्या जेवणाला त्यांनीच दिलेला जवळा आणि तांदळाची भाकरी. आम्ही बाजरीवाले, आम्हाला तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. पण ती पातळ, पांढरी, कडेपर्यंत सारखी भाकरी बघून मी पिठाचीच चौकशी केली. इतकं बारीक दळायला जात्याचे दगड अगदी नीट टाकी मारलेले लागतात. सुमन म्हणाली, "ताई, तू जेव आधी." दाविदनं प्रार्थना केली. आमच्या घरी ती मी करते आणि भाकरी गार होणार नाही इतपतच करते. दाविदची लांबली.

जेवताना मी विचारलं, रविवारी इकडं चर्चला कुठं जाता?

"रविवारी यांची ड्युटी असते," सुमन म्हणाली. "आमची उपासना शुक्रवारी. परवाच आहे, चल की."

आमच्याकडं आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा होते. तसंच काहीतरी असेल, असं मी धरून चालले.

गुरुवार, कॉलेज

कॉलेज जुन्या शहराच्या अंगाला आहे. तिकडं जाताना गल्लीत दोन्ही बाजूंनी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट येतो. मला यंत्राच्या आवाजाची सवय आहे, पण गिरणी गावात एक-दोन असतात. इथं भिंतीमागं भिंत आणि प्रत्येक भिंतीमागं यंत्रं. एस्तेर काहीतरी सांगत होती, मी मान हलवत होते. नंतर कळलं, ती रिक्षा चुकीच्या गल्लीत शिरली असं सांगत होती.

कॉलेजच्या आवारात हा आवाज कमी होतो, थांबत नाही. ऑफिसबाहेर बरीच गडबड होती. आम्ही बाकावर बसलो तेवढ्यात एका मुलीनं आमच्या हातात शिऱ्याचे द्रोण ठेवले. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. शिरा उत्तम होता. रवा नेमका भाजलेला, केळं घातलेलं, तुपाला कंजूषी नाही. मी आणखी एक मागून घेतला.

"आई," एस्तेर माझ्या कानाशी म्हणाली, "तो प्रसाद आहे."

"कसला?"

"सत्यनारायणाचा. आत पूजा चाललीय. नवी प्रयोगशाळा बांधलीय ना."

"मग आधी सांगायचं!"

"पहिल्या द्रोणाला मलापण माहीत नव्हतं."

"आणि दुसऱ्या?"

"दुसरा तू मागून घेतलास. त्यांच्यादेखत काय सांगू?"

आमच्या घरात प्रसाद खात नाहीत. यात कुणाचा अपमान नाही, रीत आहे. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या वहिनी गणपतीत मोदक करतात तेव्हा नैवेद्य दाखवायच्या आधी आमच्या वाटचे बाजूला काढून ठेवतात आणि कुंपणावरून देतात. पण इथं आमच्यासाठी बाजूला कोण काढून ठेवणार? अर्धा द्रोण हातात धरून मी उभी राहिले. टाकावा तर अन्नाचा अपमान, खावा तर रीत मोडते, आणि दीड द्रोण तर पोटात गेलेलाच.

"ताई, ठेवा इथं."

ऑफिसच्या खिडकीतून एक बाई बोलत होत्या. डोक्यावरून ओढणी, नाकावर चष्मा, आणि मराठी माझ्यापेक्षा चटपटीत. या मुमताज मॅडम, प्रवेशाचं सगळं काम यांच्याकडं. भिवंडीतल्याच, पिढ्यानपिढ्या इथल्या कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यात आणखी एक भरलेला द्रोण होता, न खाल्लेला.

"माझा आहे," त्या म्हणाल्या. "मी घेते आणि इथं ठेवते. नंतर शिपाई आनंदानं खातो. इतकी वर्षं झाली, कुणी वाईट मानलं नाही."

"मी दोन खाल्ले," मी म्हटलं. "दुसरा जवळजवळ."

"मग झालं आता. पाणी प्या."

पाणी पिऊन मी मुद्द्यावर आले. कॉलेज सगळ्यांचं आहे ना? मग ही पूजा कशी?

"सगळ्यांचं आहे म्हणून तर," मुमताज मॅडम म्हणाल्या. "पूजा होते, इफ्तार होतो, जयंत्या होतात. नाताळ तेवढा होत नाही, करणारं कुणी नाही. तुमची मुलगी आली तर नाताळ तिच्याकडं."

"म्हणजे ख्रिस्ती एकही नाही?"

"एक होता, केरळचा. तो पास होऊन गेला."

एस्तेर खाली बघत होती. माझा आपला समज होता की कॉलेज सगळ्यांचं म्हणजे देवधर्म फाटकाबाहेर. इथं सगळेच आत होते. आणि आमच्या मिशनच्या कॉलेजात मे महिन्यात गेलो होतो तेव्हाचंही मला आठवलं. तिथं जेवणाआधी घंटा होते, भोंग्यावरून प्रार्थना होते आणि निम्म्या मुलींचं तोंड तेव्हाही चालूच असतं. आमच्याही वेळी तसंच होतं. त्यातल्या बऱ्याच मुली ख्रिस्ती नव्हत्याच, आणि ज्या होत्या त्यांच्यात मी होते. मग धार्मिक कॉलेज कुठलं आणि दुसरं कुठलं?

तेवढ्यात मुमताज मॅडमनी वेळापत्रक सांगितलं. या अभ्यासक्रमाला सुट्टी शुक्रवारी. रविवारी दिवसभर गोदामात प्रॅक्टिकल.

"रविवारी?"

"रविवारी माल जास्त हलतो. मुलांना शिकायला तेव्हाच मिळतं."

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. नाही म्हणायला कारण हवं होतं, ते मिळालं. मी एस्तेरकडं बघितलं. ती अजून खालीच बघत होती.

"या रविवारी येऊन बघा तरी," मॅडम म्हणाल्या. "दापोड्यालाच आहे. पालकांना चालतं."

आम्ही शनिवारी निघणार आहोत, असं मी सांगितलं.

शुक्रवार, लूमच्या शेडमध्ये

सकाळी सुमन इस्त्रीची साडी नेसून तयार. मी प्रवासातली सुती साडीच नेसले, घरगुती प्रार्थनेला एवढं कशाला म्हणून. रिक्षानं परत त्या जुन्या शहराकडं गेलो. आदल्या दिवशीची तीच गल्ली. पण आवाज नव्हता. गिरणीचा पट्टा चालता चालता तुटला की जसं कानात पोकळ वाटतं, तसं वाटलं. लूमची सुट्टी शुक्रवारी असते.

दाविदनं एका पत्र्याच्या शेडचं दार ढकललं. आत लूमच्या रांगा, बंद. दोन रांगांच्या मधल्या बोळात कोरं कापड अंथरलेलं आणि त्यावर माणसं बसलेली. झारखंडचे तरुण हमाल होते, एक केरळची नर्स होती, तेलुगू बोलणारं एक कुटुंब होतं, आमच्या नगरकडचीही दोन घरं निघाली. बायका रेशमी साड्यांत. पुढं एका उलट्या पेटीवर पांढरा रुमाल, त्यावर पाव आणि द्राक्षरस. कल्याणहून उपासना चालवायला पाळक आले होते. ही प्रार्थनासभा नव्हती. ही अख्खी रविवारची उपासना होती, त्या पाव-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनासकट.

मी सुमनला कोपरानं ढोसलं. "सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. उपासना म्हटलं होतं."

अर्पणाला हातात काही नाही, अंगावर चुरगळलेली साडी, आणि वार शुक्रवार. गाणी निम्मी मराठी, निम्मी हिंदी. पाव माझ्यापर्यंत आला तेव्हा घ्यावा की नाही हे मला कळेना. प्रभुभोजनाला वार ठरलेला असतो का, हे मला कुणी शिकवलेलं नाही, कारण असा प्रश्नच कधी आला नव्हता. शेजारी एस्तेरनं घेतला. मी घेतला. चव तीच होती.

पंखे बंद होते. सगळे घामानं निथळत होते. लूमवरची रुई जरा वारा लागला की उडते, ती सगळ्यांच्या केसांत बसली होती. पाळकांच्या दाढीतही.

उपासना संपता संपता कारखान्याचे मालक आले. त्यांना सगळे इक्बालशेठ म्हणतात. पांढरेशुभ्र कपडे, अत्तर लावलेलं, नमाजाला निघालेले. मागोमाग चहाची किटली आली. मी सवयीनं म्हटलं, "सलाम."

"वालेकुम सलाम," त्यांनी उत्तर दिलं आणि दाविदकडं वळले. "ये हमारी तरफ की हैं या तुम्हारी?"

"आमच्या. माझी मेहुणी आहे, थोरली," दावीद म्हणाला.

मी सांगितलं, आमच्या नगरकडं ख्रिस्ती माणसं एकमेकांना सलामच करतात, जुनी पद्धत आहे. शेठना मोठी गंमत वाटली. "मग तर चहा दोनदा घ्यायला पाहिजे, बहनजी."

जागा फुकट देता की कसं, मी विचारलं. विचारलेलं बरं.

"शुक्रवारी मशीन बंद, जागा रिकामी. यात द्यायचं काय? फक्त पंखा लावू नका म्हणून सांगितलंय. रुई उडून बीमवरच्या सुतावर बसली की शनिवारी धागा तुटतो."

मला हा माणूस आवडला. उपकाराची भाषा नाही, धाग्याची काळजी.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, हे बरं आहे, रविवार नाही तर शुक्रवार, म्हणजे एस्तेरचंही जमेल. हे मी का बोलले मला माहीत नाही. मी तर नाही म्हणायला आले होते. आणि गंमत अशी की सुमन खूश झाली, पण दावीद नाही.

"वहिनी, एक सांगू?" तो म्हणाला. मी त्याची मेहुणी, पण तो मला पहिल्यापासून वहिनीच म्हणतो. "मी इथं आलो तेव्हा आधी रविवार सुटला. काही वाटलं नाही. वर्षभरानं लक्षात आलं, घरात प्रार्थनाही सुटलीय. ही शेड तर आत्ता आत्ता मिळाली. मधली वर्षं मी कुणीच नव्हतो. एस्तेर अठरा वर्षांची आहे. तिला इथं कुणी विचारणार नाही, आलीस का म्हणून. मिशनच्या कॉलेजात निदान हजेरी घेतात."

"तुम्ही तिच्या बाजूनं आहात की विरुद्ध?" एस्तेरनं पुढच्या सीटवरून विचारलं.

"मला माहीत नाही, बाळा."

एवढ्या वेळात मला पटलेलं हे पहिलं उत्तर होतं.

शनिवार

शनिवारी मी पिशवी भरली. एस्तेर म्हणाली, "बघितल्यावर नाही म्हण, असं ठरलं होतं. गोदाम कुठं बघितलंस?"

दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही. पिशवी रिकामी केली आणि नवऱ्याला फोन केला की सोमवारी येते.

"रविवारी तिकडं चर्च आहे ना?" त्यानं विचारलं.

"माझं झालं, काल."

तो म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

रविवार, दापोडे

गोदाम म्हणजे आमच्या बाजार समितीचा पत्रा वाढवत नेला आणि थांबायचं विसरले, असं काहीतरी. छतापर्यंत मांडण्या, मधून हॉर्न वाजवत फिरणाऱ्या गाड्या, हातात यंत्र धरून खोक्यांवर लाल उजेड मारणारी पोरं. लोक फोनवरून जे जे मागवतात ते सगळं. मागच्या महिन्यात मी मागवलेली कुकरची रिंग याच ढिगातून आमच्या गावापर्यंत आली असणार. चुकीच्या मापाची आली होती, तेही मी तिथल्या माणसाला सांगून ठेवलं.

एस्तेरला एक भडक पिवळं जाकीट दिलं आणि मुलांच्या गटात घेतलं. मी भिंतीकडंच्या खुर्चीवर. खरं सांगते, तेव्हा मी गोदाम बघत नव्हते. आमच्या देवळात, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, या घटकेला पहिलं गीत चालू असेल, आमच्या बाकावर नवरा एकटाच असेल, आणि माझी पोरगी खोक्यांमागं पळतेय, हे बघत होते. ती आनंदात होती. मिशनच्या कॉलेजचं आवार बघताना ती इतकी आनंदात नव्हती. यावरून काय ठरवायचं? आनंदात तर मी सिनेमा बघतानाही असते.

दुपारी मुलं चपटी केलेली खोकी अंथरून डबे घेऊन बसली. मलाही बोलावलं. एस्तेरनं डबा उघडला. मी पोळीचा तुकडा मोडला आणि थांबले. घरी मी म्हणेपर्यंत ती डोळे मिटत नाही, मला दर वेळी खाकरावं लागतं. इथं मी खाकरायचं नाही असं ठरवलं. भोवती सगळी अनोळखी पोरं, तिनं सरळ घास घेतला असता तरी मी काही बोलले नसते.

तिनं डोळे मिटले. घाईत, पण मिटले.

समोर पायल नावाची मुलगी बसली होती, जवळच्या वडप्याची, बोलकी. ती घास हातात धरून थांबली. एस्तेरनं डोळे उघडल्यावर विचारलं, "झालं?"

"झालं."

"काय केलंस?"

"प्रार्थना. जेवायच्या आधी करतो आम्ही."

"भारी आहे. फोटो असतो का तुमच्यात, मोबाईलवर लावायला?"

"असतो काहींच्याकडं. आमच्यात नाही लावत."

"मग डोळे मिटल्यावर दिसतं काय?"

कुणी चेष्टेत विचारलं असतं तर एस्तेरनं सडेतोड उत्तर दिलं असतं, ती माझी मुलगी आहे. पण पायलला खरंच जाणून घ्यायचं होतं. एस्तेरनं डब्यातली भाजी तिच्याकडं सरकवली.

"सांगते. नंतर."

"नंतर कधी? अॅडमिशन झाली का तुझी?"

एस्तेरनं माझ्याकडं बघितलं. मी पोळी खात होते.

संध्याकाळी आम्ही दोघी काल्हेरला चालत निघालो. रिक्षा मिळत नव्हती आणि ट्रक एकामागे एक अडकून उभे होते, त्यामुळं उलट चालणं सोपं होतं. दोन ट्रकांच्या मधून जाताना एस्तेरनं विचारलं, "आई, तुला काय दिसतं?"

"कशात?"

"डोळे मिटल्यावर."

"मला भाकरी गार होताना दिसते," मी म्हटलं. खरं होतं ते.

ती हसली, मग हसायची थांबली. "नाही, खरं सांग. मी पायलला काय सांगू?"

अठरा वर्षं ही मुलगी माझ्याबरोबर देवळात येते. वचनं पाठ आहेत तिला, बक्षिसं आहेत. हा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता. मीही माझ्या आईला विचारला नव्हता. आमच्याकडं ते विचारायचं कारणच पडत नाही. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला म्हणून कडेला झालो.

"सांग तिला," मी म्हटलं, "की आम्ही रविवारी गिरणी बंद ठेवतो."

"हे काय उत्तर झालं?"

"मला एवढंच येतं. गिऱ्हाईक दारावरून परत जाताना मला दिसतं आणि तरी मी उघडत नाही. कुणासाठी, ते मला बोलता येत नाही. बंद ठेवता येते."

"पण मी इथं आले तर रविवारी कामावर असेन."

"हो. म्हणून तर तुला दुसरं उत्तर शोधायला लागेल."

"मला कळत नाहीये, आई. तिथं आठवण करून द्यायला घंटा आहे. इथं मलाच आठवण ठेवावी लागेल. दावीदकाका ठेवू शकले नाहीत."

"मलापण कळत नाहीये," मी म्हटलं. यापूर्वी हे वाक्य मी तिच्यापुढं कधी उच्चारलं असेल असं वाटत नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू रस्ता चुकलाय आणि हे मी आत्ता सांगतेय.

सोमवार

सकाळी जनाबाई चहाला वर आल्या होत्या. सुमन डबा भरत होती. मी एस्तेरला म्हटलं, दुपारपर्यंत फोन करायचाय, काय करू?

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण मला पायलला उत्तर द्यायचंय."

तेच मी तिचं हो धरलं. दावीद दारात बूट घालत होता. त्याला मी बजावलं की दर शुक्रवारी ही तुमच्याबरोबर शेडमध्ये असली पाहिजे, नसली तर संध्याकाळी मला कळलं पाहिजे. तो म्हणाला, "वहिनी, मग मलाही दर शुक्रवारी जावं लागेल." मी म्हटलं, तेच सांगतेय. जनाबाईंना म्हटलं, रस्त्याकडं लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, "हाय मी." आणि कॉलेजात जाऊन मुमताज मॅडमना भेटले. त्यांनी अर्ज पुढं सरकवला. "द्रोण माझ्या टेबलावर ठेवेल ती," त्या म्हणाल्या. "जागा आहे कोपऱ्यात."

तिथूनच मिशनच्या वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. त्या मला माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून ओळखतात. जागा दुसऱ्या मुलीला द्या, असं सांगितलं.

"अगं, कुठं घेतली अॅडमिशन? आपलंच कॉलेज आहे ना?"

"नाही, बाई."

"मग कुणाचं?"

"सगळ्यांचं," मी म्हटलं. मग तो शिरा आठवला, म्हणून दुरुस्त केलं. "म्हणजे, प्रत्येकाचं थोडं थोडं."

बाई म्हणाल्या, प्रार्थना करते तुझ्यासाठी. त्यांच्या आवाजावरून ती प्रार्थना बरीच लांबणार हे कळलं.

घरी

मी केलं ते बरोबर केलं का, असं मला इथं सगळे विचारतात. मला सांगता येत नाही. पाळकसाहेब नाराज आहेत, नवरा काही बोलत नाही, आणि मंडळीतल्या एका बाईंनी त्यांच्या मुलासाठी त्याच कोर्सची माहिती माझ्याकडून गुपचूप घेतली आहे. ज्यांना मुलं घालायची आहेत त्यांनी स्वतः जाऊन बघावं. रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरावा, आणि कुणी द्रोण दिला तर खायच्या आधी विचारावं.

काल रविवार होता. देवळातून आल्यावर मी गिरणीच्या ओट्यावर बसले होते. दार बंद. चौकातल्या गिरणीचा आवाज इथपर्यंत येत होता. एस्तेरचा फोन आला, मागं गोदामातल्या गाड्यांचे हॉर्न.

"गिरणी बंद ना?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय, रविवार आहे."

"माझा परवाच झाला. काका पण आले होते. केसांतून अजून रुई निघतेय."

"आणि पायलला काय सांगितलंस?"

"अजून नाही सांगितलं. रोज विचारते ती. आई, सुट्टी संपली जेवणाची, ठेवू?"

डोळे मिटले होतेस का, असं विचारायचं होतं, पण खाकरायचं नाही हे माझं ठरलेलं होतं. म्हणून डब्यात काय होतं ते विचारलं.